ते पहिले २०९ भाग

विली लूमिस हा एक भुरटा चोर. ईगल हिलच्या जुन्या दफनभूमीत कॉलिन्स घराण्याचं कबरगृह आहे, तिथे तो दागिन्यांच्या आशेने शिरतो. भिंतीमागची गुप्त खोली त्याला सापडते, साखळदंडांनी जखडलेली शवपेटी सापडते. साखळ्या तोडून तो झाकण उचलतो आणि आतून एक हात वर येऊन त्याचा गळा धरतो. १७ एप्रिल १९६७ रोजी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर दुपारी दाखवलेला ‘डार्क शॅडोज’ या मालिकेचा हा २१० वा भाग. दुसऱ्या दिवशीच्या भागात कॉलिनवुड हवेलीच्या दाराशी एक सभ्य, अदबशीर गृहस्थ येऊन उभा राहतो. आपण इंग्लंडहून आलेले तुमचे दूरचे नातलग, असं सांगतो. नाव बार्नबस कॉलिन्स. दिवाणखान्याबाहेर टांगलेल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या तसबिरीतला चेहरा आणि याचा चेहरा एकच आहे. बुडायला आलेली ही मालिका या रक्तपिपासू पाहुण्याने तारली, आणि पुढची चार वर्षं अमेरिकेतली शाळकरी मुलं शाळा सुटली की ती बघायला धावत घर गाठू लागली.

म्हणूनच ही मालिका आज नव्याने बघायला घेणाऱ्याला जाणकार हमखास एकच सल्ला देतात: २१० पासून सुरू कर, आधीचं सोडून दे. मालिका विकणाऱ्यांनीही तेच केलं. १९७५ मध्ये ती स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रक्षेपणासाठी दिली गेली तेव्हा सुरुवात शवपेटीपासून झाली. पुढे व्हिडिओ कॅसेट निघाल्या, त्याही तिथूनच. आधीचे भाग बऱ्याच काळाने ‘द बिगिनिंग’ अशा वेगळ्या नावाखाली आले, उरलासुरला माल बाहेर काढावा तसे. मी पहिल्यांदा ही मालिका त्याच सल्ल्याबरहुकूम पाहिली. यंदा मात्र पहिल्या भागापासून बघायला घेतली. सगळे मिळून १२२५ भाग, म्हणजे साडेचारशे तासांच्या आसपासचा ऐवज. या पाहण्यातून एक मत माझ्या मनात पक्कं झालं आहे, ते इथे मांडतो. रोजची मालिका जपायची तर ती अख्खीच जपली पाहिजे, आणि ते काम वाहिन्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्याने व्हायला हवं.

आधी त्या ‘सोडून द्यायच्या’ भागांबद्दल. २७ जून १९६६ ला मालिका सुरू झाली तेव्हा तिच्यात भूतखेत काही नव्हतं. व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथाश्रमात वाढलेली मुलगी रेल्वेने मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या मासेमारीच्या गावाकडे निघाली आहे. कॉलिनवुडमधल्या एका हट्टी, बिथरलेल्या मुलाला सांभाळण्याची नोकरी तिला मिळाली आहे, आणि आपल्या जन्माचं रहस्य याच घरात कुठेतरी असावं असं तिला वाटतं. रेल्वेतली ही मुलगी निर्माता डॅन कर्टिस याला स्वप्नात दिसली होती, असं तो सांगत असे. घराची मालकीण एलिझाबेथ कॉलिन्स स्टॉडर्ड. ही भूमिका जोन बेनेटने केली. १९४० च्या दशकातली हॉलिवूडची मोठी नटी ती, दुपारच्या मालिकेत येणं म्हणजे त्या काळी पायरी उतरणंच होतं. एलिझाबेथने १८ वर्षांत घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तळघरात एक खोली आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली कायम तिच्यापाशी असते.

आठवडेच्या आठवडे या मालिकेत काहीही घडत नाही. माणसं दिवाणखान्यात येतात, ब्रँडी ओततात, एकमेकांना टोचून बोलतात, खिडकीतून समुद्राकडे बघतात. आपल्याकडे अशा मालिकेला ‘पाणी घालताहेत’ म्हणतात आणि पहिल्यांदा बघणारा माणूस इथेच कंटाळून उठेल. पण पुढे काय होणार हे माहीत असताना हे भाग बघितले की त्यांचा सगळा अर्थच पालटतो. जेसन मॅग्वायर नावाचा एक जुना ओळखीचा माणूस घरात येऊन ठाण मांडतो. एलिझाबेथने १८ वर्षांपूर्वी आपल्या नवऱ्याला मारलं आणि त्याला तळघरात पुरलं, हे गुपित त्याला माहीत आहे, आणि त्या जोरावर तो आधी पैसे, मग घरातली खोली आणि शेवटी लग्नच मागतो. विली लूमिस हा या जेसनचाच साथीदार. म्हणजे बाईला ब्लॅकमेल करणाऱ्याच्या मागोमाग चोर येतो, चोराला घराण्याच्या दागिन्यांचा वास लागतो आणि त्या वासापायी शवपेटी उघडते. कॉलिन्सपोर्टमध्ये पिशाच येतं ते एका बाईच्या घाबरून गप्प राहण्यातून येतं. हा धागा २१० पासून बघणाऱ्याच्या हाती लागतच नाही. त्याला फक्त हात दिसतो.

आणि ते तळघर? एलिझाबेथ ऐन लग्नाच्या वेळी सगळ्यांसमोर कबुली देते, फरशी उकरली जाते, पेटी निघते, आणि पेटी रिकामी असते. नवरा मेलेलाच नव्हता. त्याने आणि जेसनने मिळून तिला फसवलं होतं. नसलेल्या प्रेताची राखण करण्यात तिची १८ वर्षं गेली. हा प्रसंग मी दोनदा थांबवून परत पाहिला. जोन बेनेटच्या चेहऱ्यावर आधी सुटका येते आणि लगेच तिच्या मागून दुसरंच काही येतं, आयुष्य फुकट गेल्याची जाणीव. आधीचे शंभर-दीडशे भाग ती किल्ली सांभाळताना, दारापर्यंत जाऊन परत फिरताना ज्यांनी तिला पाहिलं आहे त्यांनाच त्या चेहऱ्याचं वजन कळतं. सारांश वाचून ते कळत नाही. निवडक भागांच्या संचातून कळत नाही. अडीच तासांच्या चित्रपटात तर ते मावणारच नाही. रोजच्या मालिकेचं बळ तिच्या लांबीत असतं, आणि लांबी हीच गोष्ट आपण तिच्यावर दोष म्हणून लावतो.

जेसनचं पुढे काय होतं हेही सांगण्यासारखं आहे. चोरीच्या इराद्याने तो बार्नबसच्या जुन्या घरात घुसतो. ज्या हाताने विलीचा गळा धरला होता, त्याच हाताने त्याचा शेवट होतो, आणि त्याला पुरतात ते कबरगृहातल्या त्याच गुप्त खोलीत. एलिझाबेथच्या कल्पनेतल्या प्रेताच्या जागी घराण्याला आता एक खरंखुरं प्रेत मिळालेलं असतं. पण ते कुठे आहे याचा तिला पत्ता नसतो.

बार्नबस आल्यावर मालिकेला कसा बहर आला हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर फार थांबत नाही. काही आठवड्यांत खुंटी ठोकून त्याला संपवायचा बेत होता, पण प्रेक्षकांना तो इतका आवडला की तो राहिला. नोव्हेंबर १९६७ मध्ये प्लँचेटच्या बैठकीतून व्हिक्टोरिया थेट १७९५ सालात जाऊन पडते आणि काही महिने मालिका तिथेच चालते. बार्नबस पिशाच कसा झाला, अँजेलिक या चेटकिणीने त्याला शाप का दिला, त्याची प्रेयसी जोसेट कशी मेली, हे सगळं तिथे उलगडतं. रोज दुपारी चालणाऱ्या मालिकेने आपलं सगळं जग गुंडाळून ठेवायचं आणि त्याच नटांना दुसऱ्या शतकातले कपडे घालून दुसरी माणसं म्हणून उभं करायचं, हे तेव्हा कोणी केलं नव्हतं. मराठी प्रेक्षकाला ही रीत अनोळखी वाटणार नाही. २०१६ ची ‘रात्रीस खेळ चाले’ अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाली आणि २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवले, तेव्हा आकेरीच्या त्या वाड्यातला सगळ्यात भीतिदायक माणूसच लोकांच्या सगळ्यात आवडीचा झाला. इथून तिथे नक्कल झाली असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुख्य खलपुरुषाचा भूतकाळ रोज थोडाथोडा समोर येत राहिला की लोक त्याचे होऊन जातात. हे दैनंदिन मालिकेलाच साधतं आणि जगात कुठेही साधतं.

आता त्या मालिकेतल्या चुकांबद्दल. ‘डार्क शॅडोज’ म्हटलं की हसत हसत सांगितल्या जातात त्या तिच्या चुका. वरून माइक खाली डोकावतो. भिंत हलते. थडग्याचा दगड धक्का लागताच डुलतो. नट वाक्य विसरतो आणि त्याची नजर कॅमेऱ्याच्या बाजूच्या पाटीकडे वळते. भावनेच्या ऐन भरात बार्नबसच्या चेहऱ्यावर माशी बसते आणि त्याची भूमिका करणारा जोनाथन फ्रिड बोलत राहतो. याचं कारण कामाच्या पद्धतीत होतं. मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत रोज एक भाग उभा राहत असे. सकाळी तालीम, दुपारी चित्रीकरण, आणि चित्रीकरण जवळपास नाटकाच्या प्रयोगासारखं सलग. दोन इंच रुंदीच्या त्या व्हिडिओटेपचं संपादन करणं इतकं किचकट आणि खर्चिक होतं की चुकलं म्हणून थांबायची सोयच नव्हती. जे झालं ते झालं, तेच घराघरांत गेलं.

जोनाथन फ्रिड हा कॅनडातला, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला नट. रोजच्या रोज नवी संहिता पाठ करताना त्याची दमछाक व्हायची, हे त्याने पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलं आहे. बारकाईने बघितलं तर ती दमछाक पडद्यावर दिसते. वाक्याच्या मध्येच तो थबकतो, डोळ्यांत क्षणभर भीती तरळते, मग शब्द सापडतो आणि तो अतिशय हळुवारपणे उच्चारतो. ही नटाची भीती आणि पात्राची व्यथा इतकी एकजीव झाली आहे की दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. ग्रेसन हॉलची डॉक्टर ज्युलिया हॉफमन समोर असते तेव्हा हे सर्वांत ठळक दिसतं. ती त्याच्या रक्तदोषावर इंजेक्शनं देऊन इलाज करायला निघालेली डॉक्टर, त्याच्या प्रेमात पडलेली आणि ते कधीही न मिळणारी. दोघंही शब्द शोधत असतात, दोघंही एकमेकांना सांभाळून घेत असतात. अशा वेळी मला कथेइतकीच त्या दोन नटांची दुपार दिसते. आज १९६७ सालातली अशी दुपार कुठे बघायला मिळणार? चकाचक केलेल्या कोणत्याही कलाकृतीत ती नसते.

या मालिकेची नवी रूपं आलीच. १९९१ मध्ये एनबीसीवर पुन्हा मालिका झाली, २०१२ मध्ये टिम बर्टनने चित्रपट केला. दोन्हींत माइक दिसत नाही, भिंत हलत नाही. ‘आता चांगली आवृत्ती आहे ना, मग जुनी कशाला?’ असं विचारणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून बघावीत. चित्रपटातला बार्नबस हा एक चुणचुणीत विनोद आहे. मालिकेतला बार्नबस ही आठवड्याला पाच दिवस चार वर्षं आपल्या घरी येणारी व्यक्ती आहे.

आता मुद्दा असा की ही मालिका आपल्याला अख्खी बघायला मिळते हाच मोठा योगायोग आहे. १२२५ पैकी फक्त एक भाग हरवला, १२१९ वा. घरी कोणीतरी दूरचित्रवाणीवरून नुसता आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, त्यावर स्थिरचित्रं आणि अँजेलिक झालेल्या लारा पार्करचं निवेदन जोडून तो भाग पुन्हा उभा केला गेला. काही रंगीत भागांची मूळ टेप गेली, पण किनेस्कोप राहिला, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून घेतलेली कृष्णधवल प्रत. म्हणून पाहता पाहता मध्येच एक भाग रंगहीन होतो आणि पुढच्या भागात रंग परत येतात. तेव्हा बघणाऱ्याला लख्ख कळतं की हे सगळं किती कच्च्या धाग्यावर लटकलेलं होतं.

तिच्या सोबतच्या मालिकांचं असं झालं नाही. त्या काळी व्हिडिओटेपच्या एका रिळाला शेकडो डॉलर पडत, आणि तीच टेप पुसून पुन्हा वापरता येत असे. दुपारच्या मालिकेचा भाग एकदा दाखवला की त्याचं काम संपलं, असा सगळ्यांचा हिशोब होता. त्याच एबीसी वाहिनीवर १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल माय चिल्ड्रन’ या मालिकेचे सुरुवातीच्या वर्षांतले बहुतेक भाग आज नाहीत. ॲग्नेस निक्सनच्या या मालिकेने व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी आई दुपारी घराघरांत नेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९७३ मध्ये, एरिका केन या नायिकेचा कायदेशीर गर्भपात दाखवला. अमेरिकेतल्या सामान्य बाया या प्रश्नांवर काय ऐकत होत्या, कोणत्या शब्दांत ऐकत होत्या, हे इतिहासकाराला बघायचं असेल तर त्या वर्षांतली सलग मालिका त्याच्यापुढे नाही. बीबीसीने १९७० च्या दशकाअखेरपर्यंत हेच केलं. ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत, आणि त्यांचा आवाज तेवढा उरला आहे, कारण तो घरोघरच्या चाहत्यांनी टेपरेकॉर्डरवर घेतला होता. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या थेट चित्रीकरणाच्या मूळ टेपसुद्धा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. जिथे चंद्र सुटला नाही तिथे कॉलिन्सपोर्टची काय कथा.

पण पुसण्यातही निवड होती, आणि तिथेच खरी गोम आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये, बार्नबस अमेरिकाभर गाजत असताना, नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने राष्ट्रीय वाहिन्यांची संध्याकाळची बातमीपत्रं रोज टेप करायला सुरुवात केली, कारण वाहिन्या ती ठेवत नाहीत हे लक्षात आलं होतं. आजही तो संग्रह चालू आहे आणि संशोधकांना त्याचा फार मोठा आधार आहे. सीबीएस या वाहिनीने यावर दावा लावला, त्यातून १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ग्रंथालयांना बातम्या टेप करून ठेवायची मुभा मिळाली. बातम्यांना. दुपारच्या मालिकांचा विचार कोणी केला नाही. संध्याकाळची बातमी पुरुष ऑफिसातून आल्यावर बघणार, म्हणून तो इतिहास. दुपारची मालिका बाई इस्त्री करताना बघणार, म्हणून तिचा खर्च साबणाच्या जाहिरातींतून काढायचा आणि टेप पुसायची. हा भेद कोणी ठरवून, दुष्टपणे केला असं मी म्हणत नाही. तो कोणाला खटकला नाही, हेच जास्त वाईट आहे. ‘डार्क शॅडोज’च्या बाबतीत तर बाया आणि मुलं, दोघांचीही आवड हलकी मानली गेली. आज या मालिकेबद्दल भरभरून बोलणारे साठी-सत्तरीतले लोक ही तेव्हाची तीच मुलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. सगळंच कसं ठेवणार? साठवणुकीला पैसे लागतात, जुन्या टेप वाजवायची यंत्रं दुर्मीळ होतात, डिजिटल प्रतीसुद्धा दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवाव्या लागतात. शिवाय १२२५ भाग बघणार कोण? मग उत्तम तेवढं निवडावं, बाकी सोडावं. उत्तर ‘डार्क शॅडोज’च्याच पहिल्या २०९ भागांत आहे. १९६७ मध्ये कोणा समितीला उत्तम भाग निवडायला बसवलं असतं, तर तिने यातला एकही घेतला नसता. वाहिनीच्या लेखी ते अपयश होतं, चाहत्यांच्या लेखी ते ओझं होतं. निवड करणारा आपल्या काळाच्या आवडीने निवड करतो, आणि पुढच्या काळाला नेमकं तेच हवं असतं जे त्याने टाकून दिलं. संग्रहात सगळं ठेवायचं ते सगळं चांगलं आहे म्हणून नाही. काय चांगलं हे ठरवायची घाई आपण करू नये, म्हणून ठेवायचं.

आणि हे अशक्य नाही, कारण काही देशांनी ते केलं आहे. फ्रान्समध्ये दृकश्राव्य ठेव्यासाठी ‘इना’ ही राष्ट्रीय संस्था १९७५ पासून काम करते, आणि १९९२ च्या कायद्याने रेडिओ व दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाला पुस्तकाप्रमाणेच सक्तीच्या जमेचा, म्हणजे एक प्रत संग्रहाला द्यावीच लागण्याचा, नियम लागू केला. ब्रिटनमध्ये १९९० च्या प्रक्षेपण कायद्याने राष्ट्रीय दूरचित्रवाणी संग्रहाची तरतूद झाली आणि व्यापारी वाहिन्यांनी त्याच्या खर्चाला हातभार लावायचा असं ठरलं. बीबीसीच्या पुसलेल्या टेपांचा डाग ज्या देशाने पाहिला, त्याने कायदा करावा हे साहजिक होतं. आपण मात्र तसा धडा शिकायला आधी सगळं गमावण्याची वाट बघायला नको.

कारण हा प्रश्न दुरून बघून सोडून देण्यासारखा नाही. चित्रपट जपण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून ते भरलं. मूकपटांची रिळं चांदी काढण्यासाठी वितळवली जात होती, त्या काळात हा माणूस कोणता चित्रपट चांगला, कोणता टाकाऊ हे न विचारता हाती येईल ते गोळा करत होता, आणि फाळके आज आपल्याला पडद्यावर दिसतात ते त्यामुळे. छापील शब्दासाठी १९५४ चा कायदा आहे. प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर तीन ग्रंथालयांत द्यायच्या, त्यांतलं एक मुंबईच्या टाउन हॉलमधलं. अगदी सुमार कवितासंग्रहालाही या कायद्याने चार ग्रंथालयांत जागा मिळते, आणि ती मिळायलाच हवी.

दूरचित्रवाणीला यातलं काहीच नाही. खासगी वाहिन्यांना परवानगी देण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस ठेवायची अट आहे. ती अट तक्रार आली तर तपासता यावं म्हणून आहे, जतनासाठी नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या कोट्यवधी घरांत गेली पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी जे बोललं गेलं, सासू-सुनेचं, जातीचं, शेतीचं, लग्नाच्या खर्चाचं, मालवणी आणि वऱ्हाडी बोलीतलं, त्यातलं काहीही ९१ व्या दिवशी पुसलं गेलं तर एकही नियम मोडत नाही. वाहिन्या आपापल्या मालिका ठेवतात, त्यांच्या ॲपवर कित्येक मिळतातही. पण ठेवतात त्या त्यांच्या हिशोबाने, आणि हिशोब बदलला, हक्क संपले, कंपन्या एक झाल्या की मालिका ॲपवरून कधी निघून गेली हे बघणाऱ्याला कळतही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं, तेव्हा देशभर लोक पडद्यासमोर बसले. ते शक्य झालं, कारण ती टेप कोणीतरी ठेवली होती. लोकप्रियतेच्या शिखरावरच्या मालिकेबाबत ते होणारच. माझी काळजी त्या मालिकांची आहे ज्या आठ महिने चालल्या, टीआरपी नाही म्हणून गुंडाळल्या गेल्या, आणि ज्यांत एखादी नटी, एखादा लेखक, एखादी बोली पहिल्यांदाच पडद्यावर आली.

‘आमची मालमत्ता सरकारला का द्यायची?’ असं वाहिन्या विचारतील. प्रकाशकसुद्धा पुस्तक जमा करतो, त्याचा स्वामित्वहक्क त्याच्याकडेच राहतो. इथेही तसंच. जमा झालेली प्रत विकायची नाही, जालावर टाकायची नाही, संग्रहालयात जाऊन अभ्यासकाने आणि रसिकाने बघायची. आता प्रक्षेपणच डिजिटल असल्याने वाहिनीला वेगळी प्रत काढण्याचाही त्रास नाही. सांभाळण्याचा खर्च परवाना शुल्कातल्या छोट्या वाट्यातून निघू शकतो. जागा, माणसं आणि अनुभव पुण्याला आहे. जमा करायची ती मालिका मात्र पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, गाळागाळ न करता, मधल्या जाहिरातींसकट, कारण दुपारच्या मालिकेचा खर्च कोणत्या साबणाने उचलला हाही तिच्या गोष्टीचाच भाग आहे.

कायदा मोठा करावा लागणार नाही. ९० दिवसांच्या त्या अटीपुढे एक वाक्य जोडायचं आहे: मुदत संपल्यावर ही नोंद नष्ट न करता राष्ट्रीय संग्रहाकडे सुपूर्द करावी.